ऑपरेशन झालं नाही, उपचार झाले

माझं ऑपरेशन झालेलं नाही. मला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर झाला होता हे कळलं की माणसं पहिला प्रश्न हमखास विचारतात, "ऑपरेशन कधी झालं?" आणि "झालं नाही, करावं लागलं नाही" असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. बहुतेकांना वाटतं, फारच पुढे गेलं असणार म्हणून डॉक्टरांनी हात लावला नाही. जवळचं कुणी असेल तर बाजूला घेऊन विचारतं, पैशाची अडचण होती का? यातलं काहीच नव्हतं. लाईट (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार) आणि केमो यांनीच गाठ नाहीशी झाली, नंतरच्या तपासण्यांत काही उरलेलं दिसेना, म्हणून ऑपरेशन बाजूला ठेवून मला कडक देखरेखीखाली ठेवलं आहे. हे सगळं माझ्यावर आलं तेव्हा मराठीत याबद्दल वाचायला मला फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ च्या उन्हाळ्यात शौचाला रक्त दिसू लागलं तेव्हा माझं वय ४६ होतं. तालुक्याच्या गावी आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी प्रश्न विचारले ते असे: रक्त शौचात मिसळलेलं असतं की नंतर थेंब पडतात? जाऊन आल्यावर पोट मोकळं झाल्यासारखं वाटतं का? पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं का? वजन उतरलंय का? आणि मग हातमोजा घालून त्यांनी बोटाने आतून तपासलं. जेमतेम मिनिटभर. "थोडी मूळव्याध आहे, पण वर काहीतरी कडक लागतंय. ते मूळव्याधीचं नाही. या आठवड्यातच दुर्बीण करून घ्या," एवढंच म्हणाल्या.

त्या मिनिटाचं मोल मला पुढे मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात, बाकावर नंबर यायची वाट बघत बसताना कळलं. शेजारी बसलेल्यांशी बोलताना एकच गोष्ट निरनिराळ्या गावांची होऊन ऐकू यायची. रक्त पडलं, मूळव्याध म्हणून मलम दिलं, गोळ्या दिल्या, कुठे चूर्ण, कुठे क्षारसूत्र, आणि या सगळ्यात बोट घालून तपासणी मात्र कुणीच केली नाही. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. सांगणारीलाही लाज, तपासणाऱ्यालाही संकोच. गुदाशयातल्या पुष्कळ गाठी बोटाला लागण्याइतक्या जवळ असतात. त्यासाठी मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. रक्त पडतंय म्हटल्यावर न तपासता चिठ्ठी लिहून दिली तर "आतून तपासा" असं आपणच म्हणावं, हे मी आता शाळेतल्या बायांना उघडपणे सांगते.

मिरजेत कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. आदल्या रात्री पोट साफ करायचं ते पाणी पिणं हाच त्यातला खरा त्रास, बाकी झोपेतच उरकतं. गुदद्वारापासून पाच सेंटीमीटरवर गाठ होती. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट यायचा तोच आला.

आमचं घर माळकरी. मांस-मच्छी नाही, तंबाखूची मिश्रीसुद्धा कुणी लावत नाही. त्यामुळे "तुलाच कसं?" हा प्रश्न घरात फार फिरला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या तर देवाशीच भांडायला लागल्या. मी उत्तर शोधत राहिले. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण होतो तेव्हा तरुणपणी होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने एका वर्षातल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला होता, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. म्हणजे मी अपवाद नव्हतेच. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचे जनुकक्रम तपासले, तेव्हा कोलिबॅक्टिन नावाच्या विषाच्या खुणा चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडल्या. हे विष आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूंचे काही प्रकार तयार करतात, आणि संशोधकांच्या मते त्या खुणा बऱ्याचदा बालपणातच, पहिल्या दहा वर्षांत उमटलेल्या असतात. माझ्या गाठीत तसं काही होतं का, हे कुणी तपासलेलं नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या लहान पोराच्या आतड्यात काय घडलं याचा हिशेब आज कुणी मांडतंय, हे वाचून "माझं काय चुकलं" हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. आत्यांनाही मी तेच समजावलं.

मुंबईला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो. उतरायला नणंदेचं घर मुलुंडला होतं, ही मोठी सोय. ज्यांना तेवढंही नाही ते दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात, आणि तिथेही जागा नसली तर रस्त्याच्या कडेला. फाईल निघाली. ओटीपोटाचा एमआरआय, छाती-पोटाचं सीटी, रक्तातलं सीईए, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन. गुदाशयाच्या बाबतीत एमआरआयवर बरंच काही ठरतं. गाठ भिंतीत किती खोल गेली, भोवतालच्या चरबीच्या आवरणापासून किती मिलिमीटर लांब आहे, जवळच्या लसीका ग्रंथी सुजल्यात का, गुदद्वाराच्या स्नायूला टेकली आहे का. माझी गाठ भिंतीबाहेर थोडी आलेली, एक-दोन ग्रंथी संशयास्पद, यकृत-फुप्फुस स्वच्छ. सर्जन म्हणाले, "आत्ता ऑपरेशन केलं तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल. तात्पुरती की कायमची, ते आत्ता सांगता येणार नाही. पण आत्ता ऑपरेशन करायचंच नाहीये."

त्याआधी त्यांनी एक तपासणी सांगितली, आणि ती प्रत्येकाने मागून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. एमएमआर. तुकडा काढलेलाच असतो, त्याच्यावरच ती करतात, वेगळं टोचणं-कापणं नाही. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते, त्यात चुका होतात, आणि काही प्रथिनं त्या चुका दुरुस्त करत जातात. मुलांच्या वह्या लाल पेनाने तपासत जाणारी बाई असते ना, तसं हे काम. काही गाठींमध्ये ही दुरुस्तीच बंद पडलेली असते. अशा गाठीत चुका एवढ्या साठतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येते, फक्त त्या शक्तीला गाठीने आवर घातलेला असतो. तो आवर सोडवणारं औषध दिलं की शरीर स्वतःच गाठ संपवू शकतं.

हे मला नव्यानं कळत होतं, पण बातमी मात्र आधीच घरी पोचली होती. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या डॉ. अँड्रिया सर्सेक यांच्या चमूने जाहीर केलं होतं की डोस्टार्लिमॅब नावाचं औषध दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिल्यावर उपचार पूर्ण केलेल्या १२ च्या १२ रुग्णांची गुदाशयाची गाठ नाहीशी झाली. ना लाईट, ना केमो, ना ऑपरेशन. माझा आजार कळल्याबरोबर तीच बातमी फोनवर इतक्या नातेवाइकांकडून आली की आमच्या यांनी डॉक्टरांपुढे फोनच धरला. सर्जन शांतपणे म्हणाले, "बातमी खरी आहे. पण ते सगळे रुग्ण एमएमआर बंद पडलेले होते. गुदाशयाच्या शंभर रुग्णांत असे पाच-दहा निघतात. तुमचा रिपोर्ट येऊ दे."

माझा रिपोर्ट आला, एमएमआर शाबूत. शरीरातली एखादी गोष्ट शाबूत आहे म्हणून वाईट वाटण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

त्याच बाकावर ओळख झालेला विदर्भातला एक मुलगा होता, तिशीतला. त्याचा रिपोर्ट उलटा आला. त्याच्या आईला तरुणपणी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. घरच्यांनी ते आधी सांगितलंच नव्हतं, कारण आतड्याशी त्याचा काय संबंध असं त्यांना वाटलं. संबंध असतो. लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यात एमएमआरची दुरुस्ती जन्मतःच अर्धी दुबळी असते आणि आतडं, गर्भाशय अशा अवयवांचे कॅन्सर घराण्यात पुन्हा पुन्हा, कमी वयात होतात. त्याला त्याच जातीचं दुसरं औषध सुरू झालं. एकेका डोसाची किंमत लाखांत. ट्रस्टची चिठ्ठी, गावातली वर्गणी, कंपनीची मदत योजना, असं करून त्यांनी जमवलं. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, दुर्बिणीत गाठ दिसत नाही म्हणून. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून रडले. त्या न्यूयॉर्कच्या चमूने २०२५ मध्ये पुढचे आकडे दिले, तेव्हा उपचार पूर्ण केलेले गुदाशयाचे ४९ रुग्ण झाले होते आणि ४९ जणांची गाठ गेलेली होती. पण औषध सिद्ध झालंय आणि ज्याला हवं त्याच्या हातात पडत नाही, हे दुःख मी जवळून पाहिलं आहे. त्याची किंमत उतरवण्यासाठी आपल्याकडे कुणीतरी नेटाने भांडायला हवं.

माझ्यासाठी ठरला तो मार्ग वेगळा: आधी लाईट, मग पूर्ण केमो, मग पुन्हा तपासणी, आणि त्यानंतरच ऑपरेशनचा विचार. याला टोटल निओअॅडजुवंट थेरपी म्हणतात, डॉक्टर नुसतं टीएनटी म्हणतात. पूर्वी केमोचा मोठा भाग ऑपरेशननंतर असायचा, आणि ऑपरेशनने थकलेल्या, पिशवी लागलेल्या माणसाला तो पुरा झेपायचा नाही. तो आधी आणला की शरीर ताजं असताना पूर्ण होतो, इकडे-तिकडे गेलेल्या सूक्ष्म पेशींवर लवकर मारा होतो, आणि गाठ जास्त विरघळते. युरोपातल्या रॅपिडो या मोठ्या अभ्यासात पाच दिवसांची लाईट आणि नंतर केमो घेतलेल्यांपैकी २८ टक्के लोकांच्या कापून काढलेल्या भागात एकही कॅन्सरची पेशी उरली नव्हती. जुन्या पद्धतीत हे प्रमाण १४ टक्के होतं. हा आकडा वाचला आणि मी तिथेच अडखळले. एकही पेशी उरली नव्हती, तर तो अवयव कापला कशासाठी?

हाच प्रश्न ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या सर्जन डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी फार आधी विचारला होता. लाईट-केमोनंतर गाठ पूर्ण गेलेल्या रुग्णांना त्यांनी १९९१ पासून ऑपरेशन न करता बघत ठेवलं. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, २६५ पैकी ७१ जण असे होते. तेव्हा त्यांच्यावर सर्जन मंडळींनी टीकेची झोड उठवली. आज जगभर त्या वाटेने लोक चालले आहेत. मी त्यांना कधी भेटणार नाही, पण त्यांच्या हट्टाचा फायदा माझ्या शरीराला झाला आहे.

लाईट पाचच दिवस होती. आधी सीटीवर आखणी, पोटावर आणि कमरेला बारीक ठिपके गोंदले. रोज ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायचं, म्हणजे लहान आतडं वर सरकतं आणि वाचतं. टेबलावर काही मिनिटं. काही जाणवत नाही. शेजारच्या बाईंना पंचवीसहून जास्त दिवस यायचं होतं, सोबत गोळ्या. मी विचारलं, मला कमी का? रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पद्धती चालतात. पाच दिवसांत दर वेळी मात्रा मोठी असते. गाव लांब असेल, मशीनवर रांग असेल तर तिचा फायदा आहे. पण रॅपिडोच्या पाच वर्षांच्या आकड्यांत, ऑपरेशन झालेल्यांत, त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण १० टक्के होतं, जुन्या पद्धतीत ६, हेही त्यांनी लपवलं नाही. त्रास मला नंतर, गावी परतल्यावर सुरू झाला. सतत कळ, जाऊन बसलं तर नुसता आव, लघवीला जळजळ. दोन-तीन आठवडे मी भात, ताक आणि केळं यांवर काढले.

केमो सांगलीतच घ्यायला परवानगी मिळाली. दर तीन आठवड्यांनी ऑक्झॅलिप्लाटिनची सलाइन, आणि चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. केस फारसे गेले नाहीत, त्यामुळे लोकांना मी आजारी वाटत नव्हते. त्रास थंडीचा. सलाइननंतर काही दिवस नळाच्या पाण्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या, फ्रीजचं दार उघडलं तरी तळहात आखडायचे, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळला जायचा. लेकीने घरभर गरम पाण्याचे थर्मास ठेवले. हिवाळ्यात मी वर्गात मोजे घालून फळ्यावर लिहीत होते. शेवटच्या सलाइनांच्या वेळी बोटांची बधिरता उतरेना, खडू बोटांत आहे की नाही ते बघून कळायचं. मी सांगितल्याबरोबर मात्रा कमी केली. ही बधिरता सोसत बसू नये, लगेच सांगावी, कारण ती कायमची राहू शकते. माझ्या पायाच्या बोटांत अजून थोडी आहे.

एक गोष्ट बायका लिहीत नाहीत, मी लिहिते. लाईटने पाळी थांबली ती कायमची. रेडिएशनच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ओटीपोटात लाईट दिली की अंडाशय काम सोडतात. कळलं होतं, तरी अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने जागं होणं, चिडचिड, हे भोगताना कठीण गेलं. योनीमार्ग कोरडा होतो, आकसतो. त्यासाठी डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा ठेवणारं साधन, वापरायला शिकवतात, तो नियमाने वापरायचा असतो. नाहीतर पुढची तपासणीही दुखते आणि नवरा-बायकोतलं नातंही. यांना मी हे सगळं सांगितलं, दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोललो. ज्या तरुण मुलींना मूल हवं आहे त्यांनी लाईट सुरू होण्याआधी विचारायलाच हवं, नंतर विचारून उपयोग नाही.

केमो संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मुंबई. एमआरआय, दुर्बीण, आणि सर्जनचं बोट. मी गाठ गेली असं ऐकायच्या तयारीने गेले होते. ते म्हणाले, "जवळजवळ गेलीय. एक छोटा उंचवटा आहे, तो व्रणाचा असेल किंवा नसेल. अजून आठ आठवडे थांबू." यांनी विचारलं, थांबल्याने वाढणार नाही का? ते म्हणाले, लाईटचा परिणाम महिनोन्‌महिने चालू राहतो, अशा जवळजवळ गेलेल्या बऱ्याच गाठी पुढे पूर्ण जातात, आणि घाईने पुन्हा तुकडा काढला तर जखमच होते, खात्री काही होत नाही. त्या आठ आठवड्यांत मी दहावीच्या मुलांचे जादा तास घेतले. रिकामं बसणं मला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या वेळी पडद्यावर मी स्वतः पाहिलं. गुलाबी भिंतीवर पांढरट, सपाट व्रण, त्यावर बारीक लाल शिरा. बोटाला गुळगुळीत. एमआरआयमध्ये फक्त काळपट वण, ग्रंथी आकसलेल्या. सर्जन, रेडिएशनचे, केमोचे आणि एमआरआय वाचणारे असे सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, त्या बैठकीनंतर मला बोलावलं. आता दोन रस्ते. ऑपरेशन करून तो भाग काढायचा, किंवा बघत राहायचं.

त्या दिवशी सर्जननी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. पूर्ण गेलेल्या गाठींपैकी साधारण चारांतली एक त्याच जागी पुन्हा उगवते. ८८० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दोन वर्षांत हे प्रमाण २५ टक्के निघालं होतं. उगवली तर बहुतेक वेळा भिंतीतच, म्हणजे दुर्बिणीला दिसेल अशी. अमेरिकेतल्या ओप्रा अभ्यासात ३२४ रुग्ण होते. आधी लाईट आणि मग केमो या क्रमाने उपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर ५४ टक्के लोकांचा गुदाशय शाबूत होता. ज्यांची गाठ पुन्हा उगवली त्यांच्यातल्या ९४ टक्के पहिल्या दोन वर्षांतच उगवल्या. आणि उगवल्यावर ऑपरेशन केलेले व लगेच ऑपरेशन केलेले, यांचा पाच वर्षांचा निकाल सारखाच आला. मग ते थांबले आणि म्हणाले, "दुसरी बाजूही ऐका. उगवलेल्यांमध्ये आजार लांब पसरायचं प्रमाण न उगवलेल्यांपेक्षा जास्त दिसतं. आजारच तसा वाईट होता की आम्ही थांबलो म्हणून, यावर डॉक्टरांत एकमत नाही. आणि दर तीन महिन्यांनी तुम्ही येणार नसाल, तर मी आजच ऑपरेशनची तारीख देतो."

घरी आठवडाभर चर्चा चालली. मोठ्या दिरांचं म्हणणं सरळ होतं, "काढून टाक एकदाचं, डोक्याला ताप नको." माझ्या आईचंही तेच. रोग अंगात राहिला ही भावना आपल्या माणसांत खोल आहे, कापून बाहेर काढल्याशिवाय सुटल्यासारखं वाटत नाही. मला तो विचार चूक वाटत नाही. ज्यांना चकरा शक्य नाहीत, ज्यांना टांगत्या तलवारीखाली झोप लागणार नाही, त्यांनी ऑपरेशनच करावं. बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट गुदाशय अखंड काढायची रीत मांडली, तिने असंख्य माणसं वाचली आहेत. पण माझी गाठ खाली होती. ऑपरेशननंतर पिशवी कायमची लागली नसती तरी दिवसातून कितीतरी वेळा धावत जाणं, आवर न राहणं, हे पुष्कळांच्या वाट्याला येतं. मी पाच-पाच तास वर्गात उभी राहणारी बाई. मी बघत राहायचं ठरवलं. हे म्हणाले, "रजा मी टाकेन, तिकिटं मी काढेन, एकही तारीख चुकणार नाही." ती चुकलेली नाही.

दर तीन महिन्यांनी बोटाची तपासणी, दुर्बीण आणि सीईए, सहा महिन्यांनी एमआरआय, वर्षाला सीटी. तारीख जवळ आली की माझं जेवण कमी होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा सीईए थोडं वाढलेलं आलं, पुन्हा करेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले, मग ते उतरलेलं निघालं. मी विचारलं होतं, रक्तातून कॅन्सरचा डीएनए पकडणाऱ्या नव्या चाचण्या आल्यात, त्यांनी ही दुर्बीण टळणार नाही का? ऑस्ट्रेलियात डॉ. जीन टाय यांच्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना केमो द्यायची की नाही हे अशा चाचणीवर ठरवलं, तेव्हा केमो लागणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आलं आणि आजार परतण्यात फरक पडला नाही. पण माझ्यासारखीच्या भिंतीत उगवणारी इवलीशी गाठ रक्तात दिसेलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी बघणं सुटत नाही, असं सर्जन म्हणाले.

पोट माझं पूर्वीसारखं नाही, हेही सांगायला हवं. लाईट मिळालेला गुदाशय आखडतो, सकाळी दोन-तीनदा जावं लागतं, कधी थोडं रक्तही दिसतं आणि काळजात धस्स होतं. तरी मी शाळा पूर्ण वेळ करते.

जून २०२५ मध्ये व्यायामाचा अभ्यास छापून आला, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातला, ८८९ रुग्णांचा. केमो संपल्यावर तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने नियमित व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के लोक पाच वर्षांनी आजारमुक्त होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांत ७४ टक्के. मी उत्साहाने डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, हे वरच्या मोठ्या आतड्याचे रुग्ण होते, गुदाशयाचे नव्हेत, पण चाला, भरपूर चाला. पहाटे शेजारच्या दोघींना घेऊन कॅनॉलच्या कडेने झपझप पाऊण तास चालते.

राहिला प्रश्न घरच्यांचा. सख्ख्या भावंडांना, मुलांना धोका जास्त असतो. चाळीस वर्षं किंवा घरातल्या रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, असा नियम सांगितला. माझा धाकटा भाऊ तेव्हा ४२ चा, म्हणजे त्याची वेळ उलटून गेली होती. तो टाळत राहिला. "अक्का, मला काही होत नाहीये," म्हणायचा. त्याला सांगितलं, मलाही रक्त दिसेपर्यंत काही होत नव्हतं. मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो, त्याला पन्नाशीनंतर सरकारी आरोग्यसेवेकडून पोस्टाने नळी आली, शौचाचा नमुना घरीच घेऊन परत पाठवायचा. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी ती येते, डोळ्यांना न दिसणारं रक्त तिच्यात कळतं. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर आहेत, आतडं नाही. शौचातलं रक्त शोधणारी ती चाचणी आपल्याकडच्या लॅबमध्येही होते. भावाला वाटलं, आपणही तेवढंच करावं, नाहीतर अमेरिकेत मंजूर झालेली रक्ताची चाचणी तरी मागवावी. पण ज्याच्या सख्ख्या बहिणीला झालंय त्याने दुर्बीणच करायची. त्या रक्ताच्या चाचणीत झालेला कॅन्सर ८३ टक्के वेळा सापडला, मात्र कॅन्सर होण्याआधीचे मोठे कोंब (पॉलिप) जेमतेम १३ टक्के. दुर्बिणीत कोंब दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो.

शेवटी वहिनीने त्याला मिरजेला नेलं. एक सेंटीमीटरपेक्षा मोठा कोंब निघाला, त्याच वेळी काढून टाकला. तपासणीत कॅन्सर नव्हता, पण दहा वर्षांनी झाला असता की नसता, कुणी सांगावं. तीन वर्षांनी त्याला पुन्हा बोलावलंय. माझी लेक १९ ची आहे. तिच्या वहीत तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, वय ३६, पहिली कोलोनोस्कोपी. मुलाच्या वहीत मी लिहिलं आहे, त्याला अजून त्याचा अर्थ कळत नाही. माझी पुढची दुर्बीण श्रावणात आहे. त्यात काही उगवलेलं दिसलं तर ऑपरेशन करायचं आणि पिशवी लागली तरी लावायची, हे आम्ही दोघांनी सर्जनना आधीच सांगून ठेवलं आहे.